संगमरवरी महालातील आई आणि लेक



या सदरात आम्ही बहुतेक वेळा कष्टकऱ्यांच्या घरातील स्त्रियांविषयी लिहितो. कोट्यधीशांच्या बायकांचे कौतुक करायला मोठी वर्तमानपत्रे आहेत, त्यांच्या रंगीत पुरवण्या आहेत. तरीही आज आम्ही एका कोट्यधीश अमेरिकन बाईची हकिगत सांगणार आहोत. या बाईने आपल्या पोटच्या मुलीला कोंडून, धमकावून एका सरदाराच्या गळ्यात बांधले. पुढे त्याच बाईने स्त्रियांच्या मताच्या हक्कासाठी आपली तिजोरी उघडी केली आणि संपावर गेलेल्या कामगार मुलींना सोडवायला ती रात्री कोर्टात जाऊन बसली. आणि म्हातारपणी तिने आपल्याच विरुद्ध साक्ष दिली, की होय, माझ्या मुलीचे लग्न मी जबरदस्तीने लावले. आपल्यात किती आईबापांनी अशी साक्ष दिली आहे? म्हणून ही हकिगत घराघरांत वाचली जावी असे आम्हाला वाटते.

बाईचे नाव अल्व्हा. जन्म १७ जानेवारी १८५३, अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यातील मोबिल या बंदराच्या गावी. बाप मरे स्मिथ कापसाचा व्यापारी. आता दक्षिणेतला कापूस म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. तो काळ्या गुलामांच्या पाठीवरच्या वळांतून पिकत होता. अल्व्हाच्या घरातही गुलाम होते. पुढे यादवी युद्ध झाले आणि १८६५ साली अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपली. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केला, ते गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणारे लोक. अल्व्हाचे घराणे बरोबर त्यांच्या विरुद्ध बाजूचे होते.

स्मिथ कुटुंबाने दक्षिण सोडली. न्यूयॉर्क झाले, पॅरिस झाले. मुलीला फ्रेंच रीतीभाती आल्या, पण बापाचा धंदा बसत गेला. आई १८७१ साली वारली. घरात उपवर मुली, वर मोठेपणाची सवय आणि खाली पैसा नाही! अशा घरात मुलीला एकच वाट दाखवली जाते. अल्व्हाने ती वाट धरली. २० एप्रिल १८७५ रोजी तिने विल्यम व्हँडरबिल्ट या तरुणाशी लग्न केले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचा बापही गेला. स्वतःचे लग्न तिने पैसा पाहून केले होते. ते तिने लपवलेही नाही.

व्हँडरबिल्ट हे त्या काळी अमेरिकेतले सर्वात पैसेवाले घराणे. नवऱ्याचा आजा कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट हा मूळचा नावाडी. सोळाव्या वर्षी आईकडून शंभर डॉलर उसने घेऊन त्याने होडी केली आणि स्टेटन आयलंडहून न्यूयॉर्कला माणसे व माल पोचवू लागला. पुढे आगबोटी आल्या, मग रेल्वे आल्या. १८७७ साली तो मेला तेव्हा मागे सुमारे दहा कोटी डॉलर होते. त्याच्या मुलाने आठ वर्षांत त्याचे वीस कोटी केले. त्याच १८७७ साली रेल्वे कंपन्यांनी मजुरीत कपात केल्यामुळे अमेरिकाभर रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला होता आणि त्यात कामगारांवर गोळ्याही चालल्या होत्या. वीस कोटी कसे होतात याचा हिशेब गिरणगावात राहिलेल्या माणसाला आम्ही काय शिकवावा!

पण गंमत पुढे आहे. एवढा पैसा असूनही न्यूयॉर्कच्या बड्या लोकांत व्हँडरबिल्टांना पाट मिळत नव्हता. त्या बड्यांची राणी होती मिसेस कॅरोलाइन ॲस्टर. कोणाच्या घरी जायचे, कोणाला जेवायला बोलवायचे, कोणाच्या मुलाला आपल्या मुलीबरोबर नाचू द्यायचे, हे सारे ही बाई ठरवी. वॉर्ड मॅकॲलिस्टर नावाचा एक गृहस्थ तिचा कारभारी असल्यासारखा वागे. त्याने जाहीर केले की न्यूयॉर्कच्या खऱ्या प्रतिष्ठित समाजात काय ती चारशेच माणसे आहेत. १८९२ साली नावांची यादी वर्तमानपत्रात छापूनही आली. चारशेच्या आत तो शुद्ध, बाहेर तो बाटगा. पाहा, मनुस्मृती न वाचताही माणसे काय करू शकतात!

आणि ही ॲस्टर मंडळी तरी कोण? कॅरोलाइनचे माहेर जुन्या डच वसाहतवाल्यांपैकी. पण ज्या ॲस्टर नावाचा तोरा, त्या नावाचा मूळ पुरुष जॉन जेकब ॲस्टर हा जर्मनीतल्या एका खाटकाचा मुलगा. त्याने अमेरिकेत येऊन जनावरांच्या केसाळ कातड्यांचा व्यापार केला, त्यातून आलेल्या पैशात न्यूयॉर्कच्या जमिनी घेतल्या, आणि त्याच्या वारसांनी त्या जमिनींवरच्या कोंदट चाळींचे भाडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले. आपल्या देशात कातड्याला हात लावणाऱ्याच्या नातवंडांनाही पाणवठ्यावर येऊ दिले नाही. तिकडे कातडेवाल्याची नातसून समाजाची राणी झाली, आणि नावाड्याच्या नातसुनेला दारात उभी करीना. कातड्याने माणूस बाटत नाही आणि होडी वल्हवल्यानेही बाटत नाही. कोण बाटला हे ठरवायचा अधिकार ज्याच्या हाती, तो ठरवतो, एवढेच.

अल्व्हाबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी फिफ्थ अव्हेन्यू या हमरस्त्यावर फ्रान्समधल्या राजवाड्यासारखा वाडा बांधला आणि २६ मार्च १८८३ च्या रात्री तिथे सोंगे घेऊन नाचण्याचा मोठा जलसा ठेवला. हजाराच्या वर पाहुणे बोलावले. खर्च अडीच लाख डॉलर झाल्याचे त्या वेळी छापले गेले. एक जाऊबाई तर विजेचा दिवा बनून आली! असे सांगतात की, मिसेस ॲस्टरची मुलगी मैत्रिणींबरोबर या जलशासाठी नाच बसवत होती. अल्व्हाबाईंनी निरोप फिरवला, की तिची आई आमच्या घरी कधी आलेली नाही, आमची ओळख नाही, मग मुलीला आमंत्रण कसे देणार? लेकीच्या हट्टापुढे राणी नमली. तिचा नोकर व्हँडरबिल्टांच्या दारात भेटीचे कार्ड ठेवून गेला आणि दुसऱ्या बाजूने आमंत्रण निघाले. एका कागदाच्या तुकड्याने नावाड्याचे घराणे शुद्ध झाले.

त्याच वर्षी दुसरीही लढाई झाली. ॲकॅडमी ऑफ म्युझिक या जुन्या नाट्यगृहात खास कक्ष मोजके होते आणि जुनी घराणी ते नव्या पैसेवाल्यांना कितीही रक्कम देऊ केली तरी देईनात. तेव्हा व्हँडरबिल्ट आणि त्यांच्यासारख्यांनी मिळून स्वतःचे नाट्यगृहच उभे केले. ते मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउस, २२ ऑक्टोबर १८८३ रोजी सुरू झाले. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

हे जलसे, ही आमंत्रणे म्हणजे रिकाम्या बायकांचा खेळ होता असे कोणाला वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. तो लग्नाचा बाजार होता. कोणाची मुलगी कोणाच्या मुलाशी बोलते यावर पहारा ठेवण्याचे ते काम होते, आणि पुरुषांनी ते बायकांवर सोपवले होते. याच न्यूयॉर्क शहरात, कोलंबिया विद्यापीठात, ९ मे १९१६ रोजी एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला आणि दाखवून दिले की जातीचा प्राण आहे तो आपल्याच वर्तुळात लग्न करण्याच्या बंधनात. बाकीची सोवळीओवळी त्याच्या भोवतीची. तो विद्यार्थी म्हणजे आपले बाबासाहेब. त्यांचा विषय भारत होता, मिसेस ॲस्टर नव्हे. पण वर्तुळ आखणे आणि त्याच्या दारावर लग्नाचे कुलूप लावणे ही रीत कळली, की चारशेंची यादीही निराळी वाचता येते.

(आणि आपणही आपल्याकडे पाहावे. १९५६ साली दीक्षा घेतली, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब लावले. पण मुलीच्या सोयरिकीची बोलणी निघाली की एखादा काका हळूच विचारतो, “तुम्ही पूर्वीचे कोणत्या पोटजातीतले?” ही आमची चारशेंची यादीच नव्हे काय?)

अल्व्हाबाईंना तीन मुले. थोरली कॉन्सुएलो, जन्म २ मार्च १८७७. मग विल्यम, ज्याला मोटारींच्या शर्यतींचे वेड. धाकटा हॅरोल्ड, ज्याने पत्त्यांतल्या ब्रिज खेळाला आजचे रूप दिले. मुलगे मजेत वाढले. मुलीची गोष्ट वेगळी. ती ताठ बसावी म्हणून अभ्यासाच्या वेळी तिच्या पाठीच्या कण्याला लोखंडी सळई लावून ती कमरेला आणि कपाळाला पट्ट्याने बांधत. तिच्या खोलीतले सामान आई ठरवी. टेबलावरची वस्तूसुद्धा इकडची तिकडे करण्याची मुभा नव्हती. आपल्या मुलींना खोलीच नसते, हिला मोठी खोली होती आणि तीत तिचे काहीच नव्हते. अल्व्हाबाईंनी न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या गावी १८८८ ते १८९२ या काळात ‘मार्बल हाउस’ हा संगमरवरी महाल बांधला. खर्च सुमारे एक कोटी दहा लाख डॉलर, त्यातले सत्तर लाख नुसत्या संगमरवरावर. वापर उन्हाळ्यातले काही आठवडे. अशा महालांना ही मंडळी ‘कॉटेज’ म्हणत, म्हणजे झोपडी! खऱ्या झोपडीत राहणाऱ्यांनी यावर हसावे की रडावे?

१८९३ सालच्या अखेरीस हे कुटुंब स्वतःच्या आगबोटीतून हिंदुस्थानात आले. मुंबईला उतरले आणि आगगाडीने देश ओलांडून कलकत्त्याला गेले. तिथे अल्व्हाबाई व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या राजवाड्यात पाहुण्या झाल्या. चोपदार, लाल गालिचे, मुजरे करणारे राजेरजवाडे हे सारे त्यांनी पाहिले. लेडी लॅन्सडाउन ही इंग्लंडमधल्या मार्लबरोच्या तरुण ड्यूकची सख्खी मावशी. आईने आपल्या लग्नाचा बेत या हिंदुस्थानच्या मुक्कामात पक्का केला असे कॉन्सुएलोने पुढे लिहून ठेवले आहे. म्हणजे सतरा वर्षेही पुरी न झालेल्या एका अमेरिकन मुलीचे नशीब आपल्या कलकत्त्यात, आपल्याच लोकांच्या घामावर चाललेल्या राजवाड्यात ठरले.

त्यात अल्व्हाबाईंच्या स्वतःच्या संसाराला तडा गेला होता. नवरा बाहेरख्याली. अशा वेळी त्यांच्या वर्तुळातल्या बायका डोळे मिटून घेत आणि दागिने मोजत. अल्व्हाबाईंनी मार्च १८९५ मध्ये सरळ कोर्टातून घटस्फोट घेतला. या धाडसाचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण काल जलशाला येणाऱ्या बायका आता प्रार्थनामंदिरात तोंड फिरवू लागल्या. गेलेली प्रतिष्ठा परत आणायला काहीतरी मोठे हवे होते. ते मोठे म्हणजे ड्यूक जावई.

इकडे कॉन्सुएलोचे मन विन्थ्रॉप रदरफर्ड या न्यूयॉर्कच्या तरुणावर बसले होते. तिच्या अठराव्या वाढदिवसाला मंडळी सायकलीवर फिरायला गेली. दोघे पॅडल मारत सर्वांच्या थोडे पुढे गेले आणि त्याने तिला लग्नाचे विचारले. तिने होकार दिला. आई मागून सायकल हाणत येतच होती. लगोलग मुलीला युरोपला नेण्यात आले. त्याची पत्रे तिला मिळू दिली नाहीत, तिची त्याला पोचू दिली नाहीत. परत आल्यावर न्यूपोर्टच्या महालात मुलीने धीर करून सांगितले, की मी दुसऱ्याला शब्द दिला आहे. मग जे झाले ते आपल्याकडच्या कोणत्याही गावात घडलेले वाटावे. घराबाहेर जाणे बंद. त्याच्या घराण्यात वेड आहे, असे सांगून झाले. मी त्याला गोळी घालीन आणि फासावर जाईन, असे बजावून झाले. शेवटी आईची एक मैत्रीण येऊन म्हणाली, तुझ्या हट्टाने आईला हृदयाचा झटका आला आहे, आणखी ताणलेस तर ती मरेल. मुलगी मोडली.

“आईचा जीव जाईल” या वाक्याने आमच्या वस्त्यांतही किती मुलींची शाळा आणि किती मुलींची पसंती बुडाली, हे ज्याने त्याने आपल्या घरात आठवून पाहावे.

ड्यूक आला, मार्बल हाउसमध्ये राहिला, मागणी घातली. ही बातमी ऐकून अकरा वर्षांचा हॅरोल्ड बहिणीला म्हणाला, की हा तुझ्याशी पैशासाठी लग्न करतो आहे. घरातले खरे बोलणारे माणूस तेवढे एकच निघाले. ६ नोव्हेंबर १८९५ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट थॉमस चर्चमध्ये लग्न लागले. बाहेर बघ्यांची झुंबड, पोलिसांचा बंदोबस्त. नवरी वीसेक मिनिटे उशिरा पोचली, कारण रडून सुजलेले डोळे धुण्यात वेळ गेला. त्या दिवशी सकाळी तिच्या खोलीच्या दाराशी पहारा होता.

आता हुंडा ऐका. बीच क्रीक रेल्वेचे पंचवीस लाख डॉलर किमतीचे शेअर, त्यावर चार टक्के व्याजाची हमी, शिवाय नवराबायकोला दरवर्षी प्रत्येकी एक लाख डॉलर. सगळे वकिलांनी कागदावर लिहून, सह्या घेऊन केलेले. आपल्याकडे निदान १९६१ पासून हुंडाबंदीचा कायदा आहे, म्हणून लोक फ्रिज आणि मोटारसायकलीला ‘प्रेमाची भेट’ म्हणतात. तिकडे तेवढीही लाज नव्हती. ड्यूकचा ब्लेनहाइम राजवाडा मोडकळीला आला होता. त्याचे छप्पर शेकारायला रेल्वे कामगारांच्या घामाचा पैसा गेला. सरदारांना पैसा हवा, शेठियांना पदवी हवी, आणि मधल्या तराजूत मुलगी. त्या काळात अशा कितीतरी अमेरिकन मुली इंग्लंडला गेल्या. आपला व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यानेही त्याच १८९५ साली शिकागोच्या एका धनिकाची मुलगी मेरी लायटर हिच्याशी लग्न केले होते. १९०३ च्या दिल्ली दरबाराला मार्लबरोचे ड्यूक आणि डचेस पाहुणे म्हणून आले, तेव्हा यजमानीण आणि पाहुणी दोघी अमेरिकन पैसेवाल्यांच्याच लेकी होत्या. त्या आधी तीन वर्षे याच देशात माणसे छप्पनच्या दुष्काळाने पटापट मेली होती.

लग्नानंतर लगेचच नवऱ्याने सांगून टाकले, की माझे दुसरीवर प्रेम होते, ब्लेनहाइम वाचवण्यासाठी मी तिला सोडले. नवऱ्याच्या म्हाताऱ्या आजीने नातसुनेला पहिल्याच भेटीत बजावले, तुला मुलगा झालाच पाहिजे, नाहीतर तो अगोचर विन्स्टन ड्यूक होऊन बसेल. तो विन्स्टन म्हणजे पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला चर्चिल, नवऱ्याचा चुलतभाऊ. राजवाडा असो वा चाळीतली खोली, सुनेला पहिला प्रश्न मुलाचाच! १८९७ आणि १८९८ साली दोन मुलगे झाले. काम झाले. १९०६ साली नवराबायको वेगळी राहू लागली.

इकडे अल्व्हाबाईंनी १८९६ साली ऑलिव्हर बेलमाँट यांच्याशी दुसरे लग्न केले. हा संसार सुखाचा झाला, पण १९०८ साली बेलमाँट वारले. आणि पंचावन्न वर्षांच्या, महाल-दागिने-जलसे सर्व पाहून चुकलेल्या या बाई स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत उतरल्या. काही म्हणतात, वेळ घालवायला. आम्ही तसे म्हणणार नाही. १९०९ साली त्यांनी पोलिटिकल इक्वॅलिटी लीग ही संस्था काढली, चळवळीच्या मुख्य कचेरीला न्यूयॉर्कमध्ये जागा घेऊन भाडे भरले. त्याच मार्बल हाउसमध्ये त्यांनी सभा भरवल्या आणि ‘स्त्रियांना मत द्या’ अशी अक्षरे असलेल्या बश्या नि कप बनवून घेतले.

नोव्हेंबर १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्लाउज शिवणाऱ्या वीस हजार कामगारांनी संप पुकारला. बहुतेक साऱ्या कोवळ्या मुली, परदेशातून आलेल्या गरीब ज्यू आणि इटालियन घरांतल्या. त्यांची पुढारी क्लारा लेमलिच ही तेवीस वर्षांची कामगार मुलगी. मालकांनी गुंड घातले आणि पोलिसांनी मार खाणाऱ्या मुलींनाच पकडून नेले. अल्व्हाबाईंनी ५ डिसेंबरला हिपोड्रोम हे अवाढव्य सभागृह भाड्याने घेऊन संपकऱ्यांची सभा भरवली. मग एका रात्री त्या जेफरसन मार्केटच्या रात्रकोर्टात जाऊन पहाटेपर्यंत बसल्या. चार मुलींच्या जामिनाला आठशे डॉलर हवे होते. बाईंनी तारण म्हणून आपले राहते घर लिहून दिले, किंमत चार लाख. न्यायाधीशही चकित झाला असेल.

समाजवादी कामगार बायकांना या मखमलीवाल्या मदतनीस फारशा आवडल्या नाहीत. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. शेठाणीचा पैसा येतो तेव्हा त्यामागून शेठाणीचे मतही येते. शिवाय हे उपकार रेल्वेच्या नफ्यातलेच. पण त्या रात्री कोठडीतून सुटलेल्या चार मुलींच्या बाजूनेही पाहावे लागते. त्या संपात मागे न हटलेल्या मालकांपैकी एक ट्रँगल कंपनी. २५ मार्च १९११ रोजी तिच्या कारखान्याला आग लागली, एका जिन्याचे दार कुलूपबंद होते, आणि १४६ कामगार होरपळून किंवा खिडकीतून उड्या मारून मेले. बहुतेक साऱ्या मुली. त्यांच्यासाठी २ एप्रिलला निषेधाची सभा झाली ती कुठे? त्याच मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये, जे कोट्यधीशांनी आपल्याला मानाची जागा मिळत नाही म्हणून बांधले होते.

गुलाम बाळगणाऱ्या घरातल्या या बाईने १९१० साली काळ्या स्त्रियांच्या सभेला जाऊन त्यांना संघटनेत बोलावले आणि हार्लेममध्ये त्यांची शाखा काढली, हेही नोंदवले पाहिजे. पण गोऱ्या स्त्रियांच्या एकूण चळवळीने काळ्या भगिनींना बरोबरीने वागवले नाही. ३ मार्च १९१३ च्या वॉशिंग्टनच्या मोर्चात त्यांना शेवटी चालायला सांगितले गेले. आयडा वेल्स या काळ्या लढवय्या बाईने ते जुमानले नाही, ती आपल्या राज्याच्या तुकडीत शिरून चालली. १९२० साली अमेरिकन स्त्रियांना मत मिळाले, तरी दक्षिणेतल्या काळ्या स्त्रियांना ते खऱ्या अर्थाने मिळायला १९६५ साल उजाडले. आपल्या बाबासाहेबांच्या घटनेने सर्व स्त्रीपुरुषांना एकाच दिवशी, एकाच किमतीचे मत दिले, ते कशाला म्हणतात हे यावरून कळावे.

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले आणि १९१६ पर्यंत तिथे शिकत होते. हीच चळवळीच्या भराची वर्षे. नोव्हेंबर १९१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पुरुषांनी मतदान करून स्त्रियांचा हक्क नाकारला, तेव्हा ते त्याच शहरात होते. त्यांचे गुरू प्राध्यापक जॉन ड्यूई हे मताधिकाराचे उघड पुरस्कर्ते. १९१७ साली तिथल्या स्त्रियांनी ती लढाई जिंकली.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. कॉन्सुएलोने १९२१ साली ड्यूकशी घटस्फोट घेऊन जॅक बाल्सां या फ्रेंच गृहस्थाशी लग्न केले. नव्या सासरची माणसे कॅथॉलिक, घटस्फोट न मानणारी. ड्यूकलाही कॅथॉलिक व्हायचे होते. तेव्हा पहिले लग्न मुळातच रद्द ठरवावे असा अर्ज चर्चच्या न्यायालयापुढे गेला. कारण एकच, मुलीची संमती नव्हती. हे सिद्ध करायला साक्षीदार हवा, आणि खरा साक्षीदार एकच होता. त्र्याहत्तरीला आलेल्या अल्व्हाबाईंनी शपथेवर सांगितले, की लग्न मी लादले, मुलीवर माझी पूर्ण हुकमत होती, मी विनंती केली नाही, आज्ञा केली.

१९२६ साली हे बाहेर आले तेव्हा अमेरिकेत ओरड झाली. इतकी वर्षे संसार, दोन मोठे मुलगे, आणि आता म्हणे लग्नच नव्हते! आईने मुलीच्या सोयीसाठी साक्ष दिली, हे खरेच आहे. पण ज्या बाईचे नाव तोवर स्त्रीस्वातंत्र्याशी जोडले गेले होते, तिने स्वतःला जगापुढे जुलमी आई म्हणून उभे केले, हेही खरे आहे. “तुझ्या भल्यासाठीच केले” हे वाक्य तिच्या तोंडीही सहज आले असते. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या आपल्या किती आया लेकीला जवळ बसवून म्हणतील, की बाई, तुला मी विचारले नव्हते?

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आईबापांची पाच कर्तव्ये सांगितली, त्यांत योग्य जोडीदार पाहून देणे हेही आहे. योग्य कोणाला? आईच्या मोठेपणाला की मुलीच्या मनाला? जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत हजारो भगिनींपुढे बाबासाहेबांनी सांगितले होते, की मुलांवर लग्न लादण्याची घाई करू नका, आणि लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, दासी म्हणून नव्हे. ऐकायला आलेल्या बायका मजुरी करणाऱ्या होत्या, त्यांच्याजवळ महाल नव्हता.

मायलेकी पुढे जवळ आल्या. फ्रान्समध्ये त्यांचे एकमेकींकडे जाणेयेणे असे. अल्व्हाबाई २६ जानेवारी १९३३ रोजी पॅरिसमध्ये वारल्या. न्यूयॉर्कला त्यांची अंत्ययात्रा निघाली ती सेंट थॉमस चर्चमधूनच, जिथे १८९५ साली रडवेल्या मुलीला त्यांनी उभे केले होते. मानाने पेटीबरोबर चालायला त्यांच्या इच्छेप्रमाणे स्त्रिया होत्या. कॉन्सुएलोने १९५२ साली आपल्या आठवणींचे पुस्तक काढले. आपल्या देशातल्या स्त्रियांनी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत टाकले तो हा काळ. पुस्तकात तिने ती लोखंडी सळईही लिहिली, दाराशी उभा असलेला पहारेकरीही लिहिला. १९६४ साली ती गेली.

मार्बल हाउस १९६३ पासून न्यूपोर्टच्या एका जतन संस्थेकडे आहे. तिकीट काढून कोणीही जाऊ शकते. वरच्या मजल्यावर कॉन्सुएलोची खोली दाखवतात, आणि संस्थेच्या दुकानात ‘स्त्रियांना मत द्या’ अशी अक्षरे असलेले कप विकायला असतात, अल्व्हाबाईंनी बनवून घेतले होते तसेच.